शनिवारचा सामना, रविवारची उपासना



आपल्या पारशिवनीत ‘टेनिस’ हा शब्द लहानथोरांना ठाऊक आहे, पण तो चेंडूमुळे. धान घरात आले की टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात, मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो आणि रविवारच्या मिस्साला चर्चमधले मागचे बाक रिकामे दिसू लागतात. त्या चेंडूचा मूळ खेळ मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिला आहे. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे निवडून आले आणि ते स्वतः हौसेने टेनिस खेळतात हे कळले, तेव्हापासून आपल्या युवक मंडळातही या खेळाची चर्चा होऊ लागली. एका मुलाने मला विचारले की, हे मोठे खेळाडू वर्षभर विमानाने देशोदेशी फिरतात, रविवारी तर त्यांचा अंतिम सामना असतो, मग ते देवळात केव्हा जातात आणि त्यांचे फादर कोण? प्रश्नात थोडा खट्याळपणा होता. रविवारी मॅच खेळायला परवानगी मिळवण्याची ती प्रस्तावना आहे हे मी ओळखले. पण प्रश्न मात्र खरा होता.

अशा खेळाडूंसाठी काम करणारे धर्मसेवक असतात. त्यांना चॅप्लेन म्हणतात. ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात प्रार्थनेसाठी वेगळी जागा असते आणि तिथे निरनिराळ्या धर्मांचे सेवक थांबतात. टेनिसच्या दौऱ्यांवर खेळाडूंच्या सोबतीने गावोगाव जाणारे ख्रिस्ती चॅप्लेनही आहेत. आपल्या ख्रिस्तसभेनेही २००४ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, व्हॅटिकनमध्ये खेळासाठी खास विभाग सुरू केला होता. ‘चॅप्लेन’ या शब्दाचा उगमही मजेदार आहे. टूर्सच्या संत मार्टिनने आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला दिला, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्या झग्याचा उरलेला तुकडा फ्रँक राजे मोहिमेवर निघताना बरोबर नेत. लॅटिनमध्ये त्या झग्याला जे नाव होते त्यावरून तो सांभाळणाऱ्या धर्मगुरूंना नाव पडले आणि तेच पुढे चॅप्लेन झाले. म्हणजे चॅप्लेन हा मुळातच वाटेवरचा माणूस. ज्याची माणसे फिरतीवर आहेत, तोही फिरतीवर.

त्या मुलाला उत्तर देण्यासाठी मी वाचायला बसलो आणि मला एक वेगळाच माणूस भेटला. तो खेळाडूंच्या मागे फिरणारा धर्मगुरू नव्हता. तो स्वतःच खेळाडू होता, स्वतःच धर्मगुरू होता, आणि खेळाचे मैदान व आपली मेंढरे यांच्यामध्ये त्याला एकट्याला धावाधाव करावी लागली. त्याचे नाव रेव्हरंड जॉन थॉर्नीक्रॉफ्ट हार्टले. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा आजवरचा एकमेव धर्मगुरू. तो आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नव्हता, इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा होता, संसारी होता. तरीही धर्मग्राम सांभाळणाऱ्या कोणालाही त्याची ओढाताण आपलीच वाटेल.

हार्टले यांचा जन्म ९ जानेवारी १८४९ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात टाँग या गावी झाला. घरची सुबत्ता होती. हॅरो या नामांकित शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तिथे भिंतीवर चेंडू मारून खेळायचा रॅकेट्स आणि बंदिस्त अंगणातला जुना टेनिस या खेळांत त्यांचा हात बसला. गवतावरचे टेनिस तेव्हा अजून जन्मालाही आलेले नव्हते. ते आले १८७० च्या दशकात, आणि बंगल्यांच्या हिरवळीवर इतक्या झपाट्याने पसरले की १८७७ साली लंडनजवळच्या विम्बल्डन येथील क्लबने त्याची पहिली स्पर्धा भरवली.

दरम्यान हार्टले धर्मगुरू झाले होते. १८७४ साली उत्तरेकडील यॉर्कशर परगण्यातल्या बर्नेस्टन या खेड्यात ते व्हिकर म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले. संत लँबर्ट यांच्या नावाचे जुने दगडी चर्च, आजूबाजूला शेती आणि शेतकरी कुटुंबे. बाप्तिस्मे, लग्ने, दफनविधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि दर रविवारी प्रवचन. आपल्याकडे पेंचच्या कालव्याकाठच्या गावांतून मोटारसायकलवर फिरताना मला जे भेटते, त्याहून ते फारसे वेगळे नसावे. वाहन तेवढे घोड्याचे.

१८७९ च्या उन्हाळ्यात तीस वर्षांच्या या खेड्यातल्या धर्मगुरूने विम्बल्डनसाठी नाव दिले. त्या वर्षी ४५ जण उतरले होते. आदल्या वर्षीचा विजेता फ्रँक हॅडो हा सिलोनमधला कॉफीचा मळेवाला होता. सुटीत घरी आला, स्पर्धा जिंकली आणि मळ्यावर परत गेला, तो विजेतेपद राखायला आलाच नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधीचा विजेता थेट शेवटच्या आव्हान सामन्यात खेळत असे. तो नसल्याने १८७९ मध्ये बाकीच्यांतून जो वर येईल तोच विजेता ठरणार होता.

हार्टले यांना आपण फार पुढे जाऊ असे वाटलेच नव्हते. म्हणून रविवारच्या उपासनेसाठी त्यांनी दुसऱ्या कोणाची व्यवस्था केली नव्हती. आणि नेमके झाले उलटे. एकामागून एक सामने जिंकत ते उपांत्य फेरीत पोहोचले. शनिवार उजाडला. पुढचा सामना सोमवारी दुपारी विम्बल्डनमध्ये आणि मधल्या रविवारी बर्नेस्टनमध्ये घंटा वाजणार. दोन्हींमध्ये अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा फोन नव्हता. तारेने निरोप धाडून शेजारच्या गावच्या एखाद्या धर्मगुरूला विनंती करता आली असती, पण त्यांनी तसे केले नाही. सरळ आगगाडीत बसले आणि गावी गेले.

रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे उपासना चालवली. त्या रात्री गावातल्या एका मरणासन्न माणसाच्या उशाशी ते बसून होते असेही सांगितले जाते. सोमवारी अगदी पहाटे न्याहारी उरकून ते निघाले. सुमारे दहा मैल गाडी हाकत रेल्वेस्टेशन गाठले. दुपारी दोनच्या सुमारास लंडनला उतरले आणि तिथून विम्बल्डनच्या मैदानावर सामन्याच्या ऐन वेळी हजर झाले. पोटात अन्न नाही, अंगात प्रवासाचा शीण, आणि समोर पार नावाचा ताज्या दमाचा खेळाडू. हार्टले यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की ते भुकेने पार गळून गेले होते. तेवढ्यात पाऊस आला आणि तासभर खेळ थांबला. त्या तासात त्यांनी काहीतरी खाऊन घेतले, जिवात जीव आला आणि सामना जिंकला.

पाऊस देवाने पाठवला असे कोणी मला सांगितले तर मी हसून सोडून देईन. इंग्लंडमध्ये जुलैत पाऊस पडायला दैवी हस्तक्षेप लागत नाही, आणि तो पाऊस पारवरही पडलाच होता. मला त्या गोष्टीत पावसापेक्षा शनिवारची आगगाडी मोलाची वाटते. हार्टले गाडीत बसले तेव्हा सोमवारी पाऊस पडणार हे त्यांना ठाऊक नव्हते.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. दीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती. दुसऱ्या एका धर्मग्रामात मी सहायक होतो. मुलांच्या संघाबरोबर मी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला गेलो, आणि आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून मोबाईल बंद करून पिशवीत टाकला. आमचा संघ जिंकला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाणी म्हणत आम्ही रात्री परतलो, तेव्हा चर्चच्या पायरीवर एक माणूस बसलेला होता. त्याची आई संध्याकाळी गेली होती. तैलाभ्यंग मिळावा म्हणून तो दुपारपासून फोन करत होता. तो मला रागावला नाही. त्याने फक्त दफनविधीची वेळ विचारली. मुलांबरोबर गेलो यात माझे चुकले असे मला आजही वाटत नाही, तिथेही माझी गरज होती. पण मागे राहिलेल्यांची सोय न करता गेलो, हे चुकले. हार्टले यांच्या आगगाडीविषयी वाचताना ती पायरी माझ्या डोळ्यांसमोर येते.

मंगळवार, १५ जुलै १८७९ रोजी अंतिम सामना झाला. सुमारे अकराशे प्रेक्षक होते. समोर उभा होता व्हियर सेंट लेजर गूल्ड, पंचवीस वर्षांचा आयरिश तरुण, उमराव घराण्यातला, देखणा, आक्रमक खेळाचा. त्याच वर्षी आयर्लंडची पहिली विजेतेपद स्पर्धा त्याने जिंकली होती. हार्टले यांचा खेळ अगदी साधा होता. मागच्या रेषेवर उभे राहायचे, घाई करायची नाही आणि आलेला प्रत्येक चेंडू बिनचूक परत करायचा. समोरचा कधीतरी चुकेलच. गूल्ड चुकत गेला. आदल्या रात्रीची नशा त्याच्या डोक्यातून उतरली नव्हती असे म्हणतात. ६-२, ६-४, ६-२ असा सरळ तीन सेटमध्ये बर्नेस्टनचा धर्मगुरू विजेता झाला.

पुढच्या वर्षी त्यांनी विजेतेपद राखले. १८८० च्या आव्हान सामन्यात हर्बर्ट लॉफर्ड या जोरकस फटकेबाजाला त्यांनी ६-३, ६-२, २-६, ६-३ असे हरवले. १८८१ मध्ये मात्र पुरती दाणादाण उडाली. पोटाच्या आजाराने ते हैराण होते आणि समोर होता विल्यम रेनशॉ, जो पुढे एकूण सात वेळा विजेता झाला. ६-०, ६-१, ६-१. चाळीस मिनिटांच्या आत सगळे संपले. पुरुष एकेरीचा इतक्या लवकर आटोपलेला निर्णायक सामना विम्बल्डनने नंतर पाहिला नाही. टेनिसचे जगही बदलत होते. रेनशॉसारखे खेळाडू जाळीपाशी धावून येऊन हवेतच चेंडू मारू लागले होते आणि मागे उभे राहून संयमाने परतवण्याचे दिवस सरत चालले होते.

एवढी मोठी हार सर्वांदेखत झाली तर माणसाचे काय होते? त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. आज विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू उतरतात. पहिल्या फेरीतच ६४ जण बॅग भरून निघतात. दोन आठवड्यांत १२७ जण हरतात आणि एक जिंकतो. हरलेला माणूस त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत एकटा असतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशात जातो आणि वर्षातले दहा-अकरा महिने हेच चालते. घर दूर, गाव दूर, आणि भोवतालचे बहुतेक लोक त्याच्या जिंकण्यावर अवलंबून. अशा ठिकाणी चॅप्लेन लागतो तो विजयासाठी प्रार्थना करायला नव्हे. दोघांच्या दोन चॅप्लेननी दोन विरुद्ध प्रार्थना केल्या तर देवाने काय करावे? चॅप्लेन लागतो तो हरलेल्याच्या दारावर टकटक करायला.

हार्टले हरले तेव्हा त्यांना परत जायला बर्नेस्टन होते. तिथल्या म्हाताऱ्यांना आपला व्हिकर रविवारी वेळेवर येतो की नाही याच्याशी मतलब, रेनशॉने त्याला किती गेम दिले याच्याशी नाही. लोक मला चांगल्या मिस्सापेक्षा वेळेवर सुरू झालेली मिस्सा जास्त लक्षात ठेवून सांगतात, तेव्हा मी मनातून थोडा खट्टू होतो. पण धर्मग्राम असा आपल्या धर्मगुरूलाही सांभाळत असतो.

गूल्डला परत जायला असे काही नव्हते. १८७९ च्या त्या पराभवानंतर त्याचा खेळ उतरत गेला. पुढच्याच वर्षी आयर्लंडचे विजेतेपदही रेनशॉने त्याच्याकडून हिरावले. तो दारू आणि अफूच्या आहारी गेला. लग्न केले, कॅनडात गेला, इंग्लंडला परत आला, लिव्हरपूलमध्ये कपडे धुण्याचा धंदा चालवला, आणि अखेर पत्नीसह मॉन्टे कार्लोच्या जुगारखान्यात पोहोचला. तिथे होते नव्हते ते गेले. १९०७ साली त्या दोघांच्या हातून एका वृद्ध स्वीडिश विधवेचा खून झाला. मृतदेह पेटीत भरून ते मार्सेलिसला गेले आणि तिथल्या रेल्वेस्टेशनवर सामानाच्या संशयावरून पकडले गेले. गूल्डला जन्मठेप झाली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिल्स आयलंड या फ्रेंच कैद्यांच्या बेटावर त्याला पाठवले, आणि १९०९ साली तिथेच त्याचा अंत झाला.

पापाचा हिशेब मांडायला मी ही गोष्ट सांगत नाही. एक जिंकला म्हणून चांगला निघाला आणि दुसरा हरला म्हणून वाईट, असेही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारण आणि केवळ आधी घडलेली गोष्ट यांत गल्लत करू नये हे आमच्याकडून घोकून घेतले होते. सामना हरल्याने कोणी खुनी होत नाही. पण त्या मंगळवारी जाळीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या या दोन माणसांचा विचार मी बरेच दिवस करतो आहे. एकाच्या हातात रॅकेट होती आणि मागे एक गाव होते. दुसऱ्याच्या हातात फक्त रॅकेट होती. गूल्डच्या त्या तीस वर्षांत त्याच्या शेजारी बसणारा, त्याच्याकडून काहीच नको असलेला एखादा माणूस त्याला मिळाला असता तर? याचे उत्तर मला देता येत नाही. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन तरुणांचे चेहरे मात्र आठवतात. त्यांना मी क्रिकेटच्या मैदानावरच भेटू शकलो असतो, आणि तिथे मी जात नसे.

कारण कबड्डीच्या त्या रात्रीनंतर मी मैदानाकडे पाठच फिरवली होती. बरीच वर्षे. धर्मगुरूचे काम वेदीपाशी, असे मी स्वतःला बजावले. खरे तर ती भीती होती आणि तिला मी शिस्तीचे नाव दिले होते. संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि करमणूक यांचाही एक सद्गुण मानला आहे, हे परीक्षेसाठी मी पाठ केले होते. संत योहानाची जुनी कथाही त्यांनी तिथे दिली आहे. संत योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानाने एका धनुर्धाऱ्याला बाण मारत राहायला लावले आणि मग असे सतत मारता येईल का म्हणून विचारले. धनुष्य मोडेल, असे त्याने सांगितले. मनाचेही तसेच, हे योहानाला दाखवायचे होते. परीक्षेत मला याचे चांगले गुण मिळाले होते.

हार्टले यांनी १८८० च्या दशकातच मोठ्या स्पर्धांतून अंग काढून घेतले. बर्नेस्टन सोडले नाही. १९१९ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे, ते त्याच एका गावाचे धर्मगुरू राहिले. मधल्या काळात राणी व्हिक्टोरियाचे राज्य संपले, पहिले महायुद्ध झाले, गावोगावची तरुण मुले फ्रान्सच्या खंदकांतून परत आली नाहीत. ज्यांचे बाप्तिस्मे केले त्यांच्याच नावाने शोकप्रार्थना म्हणण्याची वेळ त्या पिढीतल्या अनेक धर्मगुरूंवर आली. विम्बल्डनचा कप असल्या वेळी कामाला येत नाही. पुढे रिपन धर्मप्रांताने त्यांना मानाचे कॅनन पद दिले. २१ ऑगस्ट १९३५ रोजी यॉर्कशरमधल्याच नेर्सबरो येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी ते देवाघरी गेले. तोपर्यंत विम्बल्डनचे मैदान नव्या जागी गेले होते, तिथे हजारो लोक येत होते, आणि लांब पँटमध्ये खालून सर्व्हिस करणारे जुने व्हिकर इतिहासजमा झाले होते.

त्या खट्याळ मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, मग रविवारच्या मॅचचे काय? मंडळाच्या मुलांशी बसून आम्ही ते ठरवले आहे. मिस्सा साडेसातला होईल, सामने साडेनऊला सुरू होतील. बाहेरगावच्या संघातील मुलांनाही मिस्साला यायचे असेल तर त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे, आणि सामन्यानंतर दोन्ही संघांना जेवण आहे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना वाढायचे, ही अट मुलांनीच घातली. मी दिवसभर मैदानावर असेन. घरी आजारी, वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर शनिवारीच कळवा, मी शनिवारी संध्याकाळी येऊन जाईन. रविवारी गरज पडली तर फोन करा. तो खिशात असेल आणि चालू असेल. मोटारसायकल मैदानाच्या फाटकाशी, तोंड रस्त्याकडे करून लावलेली असेल.